पिग्मीची लाइन

कुणीतरी मागून माझं कोपर धरलं आणि मला बाजूला ओढलं. एक स्कूटर हॉर्न न देता अगदी चिकटून गेली, मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवरचं बटाट्याचं पोतं माझ्या पोटाला घासलं, मी धडपडलो आणि सावरलो. झालं ते एवढंच. चारकोपच्या मार्केटात संध्याकाळी असं कुणाचं ना कुणाचं होतच असतं, त्याचं कुणी काही वाटून घेत नाही. पण माझं कोपर धरणारा हात इन्स्पेक्टर रश्मी खंडारे यांचा होता आणि तो त्यांनी लगेच काढला नाही. त्या साध्या कपड्यांत होत्या, निळा कुर्ता, पायांत चपला. पण मागून गणवेशातला एक हवालदार येत होता, त्यामुळे मार्केटला वेगळं काही सांगायची गरज नव्हती. फळवाल्याच्या हातातलं सीताफळ हातातच राहिलं. समोरच्या मोबाइलवाल्याने दुकानातल्या पोराला कोपराने ढोसलं. मला कळून चुकलं की आता ही बातमी माझ्या आधी घरी पोचणार. नंदू मेस्त्रीला पोलिसांनी धरला, दंडाला धरून बाजारातून नेला. आणि सुलक्षणा, म्हणजे माझी बायको, ती बातमी ऐकून घेणार आणि काही म्हणणार नाही. तिचं हे काही न म्हणणं, हाच माझा गेल्या काही वर्षांचा आजार होता.

खंडारेबाईंचे माझ्यावर उपकार आहेत, हे इथेच सांगून टाकतो. मी स्वभावाने कुरकुऱ्या माणूस आहे, चांगल्या जेवणातही मीठ कमी आहे का ते आधी बघतो. त्यामुळे पुढे मी कुरकुर करताना दिसलो तर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. त्या दिवशी मात्र उपकार वगैरे काही सुचत नव्हतं. त्या दिवशी फक्त कोपर जाणवत होतं. त्यांची बोटं जिथे टेकली होती तेवढी जागा गरम झाली होती, आणि बाकी सगळं अंग गार.

मी पिग्मी एजंट होतो. हल्लीच्या पोरांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. दुकानदार, भाजीवाले, चांभार, फुलवाल्या यांच्याकडे रोज संध्याकाळी जायचं, त्यांना जमेल ते, पन्नास म्हणा, शंभर म्हणा, हातात घ्यायचं, कमरेला लावलेल्या छोट्या मशीनवर आकडा टाकायचा, निघालेली चिठ्ठी फाडून द्यायची आणि पुढच्या दाराला जायचं. सकाळी ते सगळं पतपेढीत भरायचं. ज्याला बँकेत जायचं म्हणजे दुकान बंद ठेवावं लागतं, त्याच्या दारात बँक स्वतः चालत येते, ती बँक म्हणजे मी. ज्या वाटेने रोज फिरायचं तिला आम्ही लाइन म्हणायचो. माझी लाइन आमच्या सेक्टरच्या नाक्यावरून निघून मार्केटातून इंडस्ट्रियल इस्टेटच्या फाटकापर्यंत जायची. वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा मिळालेल्या पैशांतून त्यांनी चारकोपला हे बैठं घर घेतलं आणि मरेपर्यंत एकच गाऱ्हाणं गात राहिले, की नंदूला कायमची नोकरी लागली नाही. मला नोकरीची हौसच नव्हती. मला चालायला आवडायचं. बोलायला तर त्याहून आवडायचं. प्रत्येक दारात दोन वाक्यं, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि पुढे. इस्टेटच्या फाटकावरचा चहावाला मला लांबून बघितलं की भांडं चढवायचा. त्या चहाची चव काही खास नव्हती, पाणीच जास्त. पण तो माझ्यासाठी चढवलेला असायचा.

पतपेढीचं नाव मी घेत नाही, घेतलं की तोंड कडू होतं. आमच्याकडे कोकणातली माणसं गणपतीच्या आधी पिग्मी मोडतात. वर्षभराचं साठलेलं काढायचं, त्यात गावच्या गाडीचं तिकीट, आईला लुगडं, भावाच्या पोरांना कपडे, आणि मखराचं सामान. रिकाम्या हाताने गावच्या घराची पायरी चढायची नाही, अशी रीत. त्या वर्षी ऐन मोडायच्या आठवड्यात पतपेढीचं शटर खाली आलं. संचालक गायब झाले. काही दिवसांनी परत आले ते वकील घेऊनच आले, आणि म्हणाले की आम्ही कुठे पैसे बुडवले, एजंटांनीच ते भरले नाहीत, त्यांच्या खातेदारांतली निम्मी नावं तर मुळात खोटीच आहेत. संगणकात तसं दाखवलंसुद्धा. मी ज्यांच्या दारात रोज उभा राहत होतो, ज्यांच्या सुनांची बाळंतपणं मला पाठ होती, ती माणसं संगणकात नव्हतीच.

मी त्या वर्षी गावी गेलो नाही. त्यानंतरही गेलो नाही. सुरुवातीला तपास जवळच्या एका चौकीत होता. तिथे आम्हा एजंटांना बाकावर बसवून ठेवत, संध्याकाळ झाली की उद्या या म्हणत. तिथले साहेब मला एकच काय ते विचारायचे, "खाल्लेस किती ते सांग, म्हणजे पुढचं लवकर आटपेल." मी सांगायचो, साहेब, खाल्ले नाहीत. ते हसायचे आणि दुसऱ्याकडे वळायचे. बाजारात कुणी मला मारलं नाही, ते खोटं कशाला सांगू. स्टेशनरीवाल्या जयंतीभाईंनी फक्त चिठ्ठ्यांचा गठ्ठा तोंडावर फेकला. चहावाल्याने चहा बंद केला नाही, पण पैसे आधी मागायला लागला. मला गठ्ठ्यापेक्षा ते जास्त लागलं. मग मी त्या बाजूला जाणंच सोडलं. भाजी आणायची तर दोन सेक्टर पलीकडे. दुपारचा चहा झाला की पाय आपोआप वळवळायला लागायचे, चपलेकडे जायचे, आणि मी त्यांना परत आणून पलंगावर ठेवायचो.

या सगळ्यात सुलक्षणाने मला एकदाही विचारलं नाही की तुम्ही घेतले का. ज्या दिवशी शटर पडलं त्या दिवशी मी घरी आलो, मशीन टेबलावर ठेवलं. तिने ते पुसलं, फडक्यात गुंडाळलं, कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "जेवून घ्या." मी जेवलो. घासागणिक वाटत होतं, आता विचारेल. उत्तर तोंडाशी तयार होतं, प्रश्नच येईना. दुसऱ्या दिवशी नाही, गणपतीत नाही, दिवाळीत नाही. तिने मालवणी मसाला करून विकायला सुरुवात केली. घरात मिरच्या भाजल्या जायच्या, आम्ही दोघं खोकायचो, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्या धुरात मला वाटायचं की हिच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचंच आहे कशावरून. एकदा तिच्या वहिनीचा, वसुधाचा, फोन आला होता. मी मोरीत होतो. सुलक्षणा बारीक आवाजात म्हणत होती, "माका पैशाचा काय एक म्हायत नाय." मोरीतलं पाणी वाहत राहिलं आणि मी तसाच उभा. एकदा तिने मसाल्याचे पैसे ठेवायचा डबा स्वयंपाकघरातून उचलून कपाटात ठेवला. मी आठवडाभर जेवलो नाही नीट. मग कळलं, फळीवर उंदीर झाले होते. पण उंदीर झाले होते हे कळल्यावरही माझं मन म्हणत राहिलं, उंदीर हे निमित्त असेल. माणसाला एकदा असं काही झालं की त्याच्या हाती दुसरं काम उरत नाही. मी बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसलो होतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिने तोंडावर चोर म्हटलं असतं तर मी ओरडलो असतो, भांडलो असतो, कदाचित रडलो असतो. जग मला चोर म्हणत होतं, ते मी कसंही ढकललं असतं. पण ही मला चोर समजते आणि तरीही माझ्या ताटात पहिली भाकरी वाढते, हे कसं सोसायचं?

पतपेढीच्या शाखा तीन-चार जिल्ह्यांत होत्या, म्हणून पुढे तपास राज्याच्या आर्थिक गुन्ह्यांच्या पथकाकडे गेला. मला अंधेरीला बोलावलं. जुनी सरकारी इमारत, दुसरा मजला, खिडकीच्या जाळीत कबुतरांची पिसं. खंडारेबाई आत आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, "बसा ना, उभे काऊन?" बोलण्यावरून वऱ्हाडाकडच्या. मी बाक शोधायला लागलो तर त्यांनी त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची दाखवली. खुर्चीवर बसल्यावर मला कळेना पाठ टेकायची की नाही. लोकांना हे ऐकून हसू येईल, पण त्या खुर्चीबद्दल मी आजही आभारी आहे. त्यांनी किती खाल्ले हे विचारलंच नाही. विचारलं ते असं की रोज निघायचात कुठून, पहिलं दार कुणाचं, नंतर डावीकडे वळायचात की उजवीकडे. मी सांगायला लागलो आणि तिसऱ्या दुकानालाच अडखळलो. वाट पायांना ठाऊक होती, तोंडाला नाही. घाम फुटला. मला वाटलं, झालं, खोटा ठरलो. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मेस्त्री, संचालक लेखी म्हणतात की तुमचे निम्मे खातेदार अस्तित्वातच नाहीत. तुम्ही असं करा, तुमची लाइन मला चालून दाखवा."

तर अशी आमची वरात निघाली होती. पुढे मी, बाजूला बाई, मागे हवालदार. निम्मी दुकानं बदलली होती. शिंप्याच्या जागी केक मिळायला लागले होते. एका गल्लीत मी चुकीचा वळलो, तर बाई गुपचूप माझ्याबरोबर चुकीच्या गल्लीत आल्या आणि माझ्याबरोबरच परत फिरल्या. दोनतीन जण भेटले, बाईंनी नाव विचारलं, हो म्हणाले, माझ्याकडे बघितलं नाही. मग ती स्कूटर आली. कोपर सुटल्यावरही मी ते दुसऱ्या हाताने धरून चालत होतो. बाई म्हणाल्या, "लागलं का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, लोक बघताहेत." त्या म्हणाल्या, "बघू द्या की. आपण बघायलाच तर आलोय." आणि पुढचं दुकान जयंतीभाईंचं होतं.

जयंतीभाई फोनवर बोलत होते, अर्धे पाठमोरे, कुणालातरी वह्यांच्या मालावरून झापत होते. मी माझ्या जागी उभा राहिलो. माझी जागा म्हणजे काउंटरच्या डाव्या अंगाला, जिथे कंपासपेट्या टांगलेल्या असतात तिथे. ठरवून नाही, पाय तिथे थांबले. जयंतीभाईंनी फोन न सोडता तिरक्या नजरेने बघितलं. त्यांचा डावा हात गल्ल्यात गेला, शंभरची नोट निघाली, अंगठ्याने तिची उभी घडी पडली, आणि ती नोट माझ्यासमोर आली. फोनवरची शिवीगाळ चालूच. आणि माझा हात? माझा हात कमरेला गेला होता, मशीन चाचपत. मशीन तर घरी कपाटावर, फडक्यात. मग जयंतीभाईंनी मला खरोखर बघितलं. त्यांनी नोटेकडे बघितलं. फोन कानापासून खाली आला, त्यातून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. इतकी वर्षं या माणसाने माझं तोंड बघितलं नव्हतं, आणि त्याचा हात मला विसरलाच नव्हता.

"आदत आहे साला," जयंतीभाई म्हणाले आणि नोट मुठीत चुरगाळली. कान लाल झाले होते त्यांचे. बाईंनी ओळख सांगितली आणि अगदी शांतपणे म्हटलं, "शेठ, तुमचं खातं बनावट आहे, असं पतपेढीच्या संचालकांनी लिहून दिलंय. या नावाचा माणूसच नाही म्हणे."

"मी नाय? अरे, हे दुकान काय भूत चालवतो काय?" जयंतीभाई काउंटरवरून उडी मारतील असं वाटलं. "मॅडम, याला मी बहुत शिव्या दिल्या, खोटं नाय बोलणार. पण हा रोज यायचा. माझे बापूजी वारले त्या दिवशी पण आला. शटर अर्धा होता. याने पैसे नाय मागितले, आत वाकून आला, बसला, पाणी पिऊन गेला. लिहा ना तुम्ही, माझं नाव लिहा, पूर्ण लिहा. कुठे सही करायची?" बाई म्हणाल्या, "सही नंतर, आधी ऑफिसला या." बाहेर आल्यावर त्या जरा थांबल्या. "मेस्त्री, तोंडाने रागावलेत ते तुमच्यावर. हाताने काही रागावलेले दिसले नाहीत." नाकातून पाणी यायला लागलं होतं आणि माझ्याकडे रुमाल नव्हता. हवालदाराने त्याचा दिला. त्याला तंबाखूचा वास होता. त्या वासासकट मी त्याचा आभारी आहे.

त्यानंतर दारं सोपी झाली. बातमी आमच्या पुढे पळत होती, आणि आता ती वेगळी होती. पण माझ्या नशिबात सलग सुख बसत नाही. देवळाच्या कोपऱ्यावर मालन बसते, फुलं विकते. तिने पोरीच्या नर्सिंगच्या कोर्ससाठी साठवले होते, ते सगळे बुडाले होते. मी तिच्यासमोर उभं राहायला सगळ्यांत जास्त घाबरत होतो. मालनने आम्हाला बघून पाट सरकवला, हात पुसले, आणि बाईंनी काही विचारायच्या आत म्हणाली, "माझी काय तक्रार नाय हां मॅडम. वहिनी देतात ना मला. दर महिन्याला थोडे थोडे."

"कोण वहिनी?" बाईंनी विचारलं.

"यांच्या मिसेस. पतपेढी बसली तेव्हापासून देतात. पोरीची फी त्याच्यातच भरली ना मी. यांना नका सांगू म्हणाल्या होत्या." मग तिने माझ्याकडे बघून जीभ चावली.

फुलांच्या पाटीत झेंडू होता, त्याचा तो उग्र वास येत होता. सुलक्षणा पैसे फेडत होती. मसाला कुटून, खोकून, डोळे चोळून मिळवलेले पैसे ती गुपचूप मालनला देत होती. म्हणजे तिच्या मनात निकाल लागलेलाच होता. नवऱ्याने चोरलेले पैसे बायको हप्त्याहप्त्याने परत करते, याचा दुसरा अर्थ कुणी काय लावणार? मी तरी दुसरा लावू शकलो नाही. आणि बाई? बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, हेच जास्त वाईट होतं. इतका वेळ माझ्या बाजूने चालणारी ती बाई आता पुन्हा इन्स्पेक्टर दिसायला लागली. त्यांनी घड्याळात बघितलं. "मिसेसना बोलवून घ्या. आपण सगळेच ऑफिसला जाऊ."

जीपमध्ये सुलक्षणा माझ्या शेजारी बसली होती. घरातल्या साडीवरच आली होती, हातांना मसाल्याचा रंग. बसताना तिने एवढंच म्हटलं, "गप ऱ्हवा, काय होवक नाय." लिंक रोडला गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. प्रत्येक सिग्नलला मला वाटायचं, आता मी विचारावं. तू मालनला पैसे का दिलेस, एवढंच. पाच शब्दांचा प्रश्न. पण तिने मला जो प्रश्न इतकी वर्षं विचारला नव्हता तोच हा, फक्त उलट बाजूने. मी विचारला असता तर ती उत्तर देणार, आणि उत्तर मला नको होतं. गोरेगाव गेलं, जोगेश्वरी गेली. मी खिडकीतून बघत राहिलो. लोक वडापाव खात होते, भांडत होते, कुणीतरी कुणाच्या तरी मुलाला शाळेच्या दप्तरासकट कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होतं. सगळ्यांच्या बायका त्यांना काहीतरी विचारत असतील, असं वाटून मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.

ऑफिसात बाईंनी आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि आधी मला सांगितलं. पिग्मीची मशीनं ज्या कंपनीची होती तिच्याकडे मूळ नोंदी शिल्लक होत्या, त्या पथकाने मागवून घेतल्या होत्या. मी रोज घेतलेलं आणि रोज भरलेलं, सगळं त्यात होतं. संचालकांनी नंतर मुख्य कचेरीतल्या संगणकात फिरवाफिरवी केली होती. "तुम्ही आरोपी नाही, मेस्त्री. तुम्ही साक्षीदार. नुसते आकडे कोर्टात नेले की वकील विचारणार, या आकड्यांची माणसं कुठायत? म्हणून आज चाललो आपण."

मी हात जोडले. जोडले ते खाली घेता येईनात. तोंडातून 'मॅडम, मॅडम' एवढंच निघत होतं. आणि त्याच वेळी आतून एक खडा टोचत होता. आता सुलक्षणा मानेल. मानावंच लागेल. पण सरकारने सांगितलं म्हणून मानेल. माझं म्हणणं म्हणून नाही. इतक्या मोठ्या सुटकेच्या क्षणी मी हा असला विचार करत होतो, यावरून माझा स्वभाव कळावा.

बाई तिच्याकडे वळल्या. "वहिनी, एक विचारते, राग मानू नका. यांनी पैसे घेतले नव्हते, मग फुलवाल्या बाईला तुम्ही का देत होतात?"

सुलक्षणाला प्रश्नच कळला नाही, असं वाटलं. "तिच्या पोरीची फी भरायची होती मॅडम. पतपेढीचा साहेब येणार होता काय भरायला? ती बाई रोज यांच्या हातात द्यायची. पतपेढी कुठे आहे ते पण तिला ठाऊक नव्हतं."

"आणि यांच्यापासून का लपवलंत?"

"हे आधीच अर्धे झालेले. कळलं असतं तर म्हणाले असते, माझ्यामुळे बायको मिरच्या कुटते."

"यांना कधी विचारलं नाहीत? घेतले का म्हणून?"

सुलक्षणा हसली. पतपेढी बुडाल्यापासून ती अशी हसलेली मी बघितली नव्हती, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. "यांना? अहो, हे माझ्या डब्यातले दहा रुपये घेतात ते पण येऊन सांगतात, आणि सांगताना यांना घाम फुटतो. हे काय पैसे खाणार?" मग हसू थांबलं. ती माझ्याकडे न बघता टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "सगळं जग विचारत होतं मॅडम. मी पण विचारलं असतं तर यांना वाटलं असतं, हिला पण संशय आला. म्हणून नाय विचारलं. जिभेवर बर्फ ठेवून बसले."

मला आठवतंय, खिडकीच्या जाळीत एक कबूतर होतं आणि ते एका पायावर उभं होतं. मी त्याच्याकडेच बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर मी त्या सरकारी कचेरीत मोठ्याने रडलो असतो. इतकी वर्षं मी जे गप्प बसणं चाटून, चावून, उलटंपालटं करून बघत होतो, ते तिने माझ्यासाठी धरून ठेवलेलं होतं. आणि मी मूर्ख, मी ते उंदरांवर घालवलं.

बाईंनी संगणक पुढे ओढला. जबाब लिहायची त्यांची एक पद्धत असते. सांगतो आपण, लिहितात ते, पण लिहायचं ते आपल्याच तोंडून बोलल्यासारखं, मी मी करून. लिहून झालं की वाचून दाखवतात, आणि बरोबर आहे का विचारतात. त्यांनी बराच वेळ टाइप केलं. हवालदार प्रिंटरपाशी उभा राहिला. मग कागद हातात घेऊन त्या वाचायला लागल्या, सरकारी लोकांच्या त्या सपाट, एकसुरी आवाजात.

"मी, नंदकुमार मेस्त्री, धंदा पिग्मी एजंट, राहणार चारकोप, समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी माझ्या खातेदारांकडून रोज रक्कम स्वीकारून ती दुसऱ्या दिवशी पतपेढीत भरत होतो. मी त्यातील कोणतीही रक्कम स्वतःसाठी वापरलेली नाही."

चौकीत हे वाक्य मी घसा सुकेपर्यंत सांगितलं होतं. आता ते सरकार म्हणत होतं, माझ्या नावाने, मी म्हणून. मी विचारलं, "मॅडम, तेवढं परत वाचता का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, कुरकुर न करता परत पहिल्यापासून वाचलं. आणि मग पुढचं वाचलं, जे त्यांनी मला न विचारता घातलं होतं.

"माझी पत्नी सुलक्षणा हिने मला याबाबत कधीही विचारणा केलेली नाही. मी पैसे घेतलेले नाहीत हे तिला पहिल्यापासून माहीत होते, त्यामुळे विचारण्याची तिला गरज वाटली नाही." बाईंनी कागद खाली ठेवला. "वाचून दाखवला आहे. बरोबर आहे?"

मी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बरोबर आहे," सुलक्षणा म्हणाली.

"वहिनी, हे यांनी म्हणायचं असतं," बाई म्हणाल्या आणि पेन माझ्यासमोर धरून थांबून राहिल्या.